गाडीने धडक दिली तर पायी चालणाऱ्याने काय काय जमवायचं

सत्तावीस वर्षं मी एका सरकारी विमा कंपनीच्या मोटार थर्ड पार्टी विभागात होते. बसने, ट्रकने, स्कूटरने उडवलेल्या माणसांच्या फायली माझ्या टेबलावर यायच्या आणि त्यांच्या दाव्यातली भोकं शोधणं हे माझं काम होतं. कधीकधी वाईट वाटायचं, पण पगार त्याचाच मिळत होता. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये, निवृत्तीनंतर तीन वर्षांनी, सदाशिव पेठेतल्या एका एकेरी रस्त्यावर एका स्कूटरने मला पाडलं, तेव्हा पुढे काय करायचं हे मला तोंडपाठ असायला हवं होतं. होतंही. तरी मी त्यातलं जवळजवळ काहीच केलं नाही.

सकाळचे पावणेआठ वाजले होते. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात मेथीची जुडी. रस्ता एकेरी, म्हणून उजवीकडे बघितलं. कुणी नव्हतं. चालायला लागले. स्कूटर डावीकडून आली, नो एंट्रीतून. डावा हात टेकून पडले आणि मनगटातून असा आवाज आला की पुढचं काही बघायची गरजच नव्हती. मुलगा थांबला, हे मान्य करायला हवं. असेल विशीचा. मेथी गोळा करून दिली, आणि म्हणाला, "काकू, सॉरी, सगळा खर्च मी देतो, फक्त पोलिसात नको हो, परीक्षा आहे माझी." मी त्याचा फोन नंबर घेतला आणि त्याला जाऊ दिलं. गाडीचा फोटो काढला नाही. संध्याकाळी आमच्या ह्यांनी फोन लावला, तर नंबर अस्तित्वातच नव्हता.

पुढचं त्याहून वाईट. शेजारच्या वहिनी रिक्षा करून मला दवाखान्यात घेऊन गेल्या. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने विचारलं, काय झालं? मी कळवळत होते. वहिनी म्हणाल्या, "पडल्या हो." रात्री घरी आल्यावर चष्मा लावून केसपेपर वाचला. त्यावर लिहिलं होतं : हिस्ट्री ऑफ फॉल. पुढे काही नाही. गाडी नाही, रस्ता नाही, धडक नाही. नोकरीत असताना अशी ओळ दिसली की मी लाल पेनाने अधोरेखित करून वकिलाकडे पाठवायचे आणि चहा मागवायचे.

गाडीवाल्याकडे अपघाताच्या आधीपासूनच कागद असतो. आरसी, लायसन्स, पॉलिसी. चालणाऱ्याकडे चपला असतात. आपल्या बाजूचा सगळा कागद अपघातानंतर, दुखत असताना, जमवावा लागतो. तो कसा जमवायचा तेच खाली लिहिते आहे, आणि मी कुठे चुकले तेही.

रस्त्यावर, पहिली दहा मिनिटं

नंबर. बाकी सगळं नंतर. पूर्ण लक्षात राहिला नाही तरी शेवटचे चार आकडे, गाडीचा रंग आणि प्रकार एवढं पकडा आणि मोठ्याने म्हणत राहा, म्हणजे आजूबाजूच्या कुणाच्या तरी कानात राहील. फोन हातात असेल तर घरच्या कुणाला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप टाका : "अमुक चौकात, अमुक नंबरच्या गाडीने मला आत्ता धडक दिली." त्यावर वेळ आपोआप पडते. ही वेळ पुढे फार कामाला येते, कारण चार महिन्यांनी सगळ्यांचीच घड्याळं वेगवेगळी चालायला लागतात.

जमत असेल तर गाडी हलवायच्या आधी एक फोटो काढा, ज्यात गाडी, झेब्रा किंवा फुटपाथ, आणि मागे एखादी ओळखू येणारी पाटी अशा तिन्ही गोष्टी येतील. नुसत्या नंबरप्लेटचा जवळून काढलेला फोटो काहीच सांगत नाही, ती गाडी कुठेही उभी असू शकते.

दोन साक्षीदारांचे फोन नंबर घ्या. साक्षीदार म्हणजे कोट घातलेला माणूस असायला लागत नाही. दूधवाला, पेपरवाला, समोरचा इस्त्रीवाला चालतो. उलट तो रोज तिथेच असतो, म्हणून जास्त चांगला. लोक घाबरतात की पोलीस आपल्याला चकरा मारायला लावतील. त्यांना सांगा की २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ ए आलं आहे. जखमीला मदत करणाऱ्यावर त्यापायी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. किरकोळ वाटलं तरी ११२ ला फोन करा, कारण त्या फोनची नोंद राहते.

आता "काकू, मिटवून टाकू" बद्दल. माझा त्यावर राग नाही. खरचटलं असेल आणि समोरचा भला असेल तर जरूर मिटवा. पण त्याच्या लायसन्सचा आणि गाडीचा फोटो काढून, आणि त्याने दिलेला नंबर त्याच्यासमोर डायल करून. त्याच्या खिशातला फोन वाजला पाहिजे. एवढी एक गोष्ट मी केली असती तर पुढचे चार दिवस वाचले असते. हाड मोडल्याचा संशय असेल तर मात्र जागेवर मिटवू नका. मोडलेलं हाड कायद्याने "गंभीर दुखापत" आहे आणि त्याचा खरा खर्च सहा आठवड्यांनी, प्लास्टर निघाल्यावर कळतो.

दवाखान्यातली एक ओळ

कॅज्युअल्टीत पहिल्यांदा जे लिहिलं जातं त्याला "हिस्ट्री" म्हणतात. विम्याचा वकील आधी एफआयआर वाचत नाही, ही ओळ वाचतो. ती घटनेच्या सगळ्यात जवळची असते आणि लिहिणाऱ्या डॉक्टरला कुणाचीच बाजू घ्यायची नसते, म्हणून तिला वजन. स्वतः बोला, किंवा सोबतच्या माणसाला आधीच बजावून ठेवा. वाक्य असं हवं : "आज सकाळी पावणेआठ वाजता अमुक रस्त्यावर पायी जात असताना स्कूटरने धडक दिली." "पडले" हा शब्द नको. "लागलं" नको. गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही लिहून घ्यायला सांगा. मग विचारा : एमएलसी केली का? म्हणजे दवाखान्याने हे पोलिसांना कळवायचं प्रकरण म्हणून नोंदवलं का. नसेल तर करायला लावा. काही ठिकाणी "एमएलसीची भानगड कशाला, मेडिक्लेमला त्रास होईल" असं सांगतात. ऐकू नका.

माझ्यासारखं चुकलंच तर? खोडून घ्यायचा प्रयत्न करू नका, खाडाखोड केलेला केसपेपर हा चुकीच्या केसपेपरपेक्षा वाईट. दुसऱ्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या : माहिती दुसऱ्या व्यक्तीने दिली, रुग्ण वेदनेत होता, प्रत्यक्षात वाहनाची धडक होती, कृपया पुरवणी नोंद करावी. अर्जाच्या आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. मला दोन हेलपाटे पडले. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने "असं होत नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, होत नाही हे लेखी द्याल का? मग झालं. जुन्या ओळीखाली नवी तारीख, नवी सही आणि "रुग्णाच्या सांगण्यानुसार दुचाकीची धडक".

आणखी एक, जे माझ्या वेळी नव्हतं. मे २०२५ पासून केंद्राची रोकडरहित उपचारांची योजना लागू झाली आहे. मोटार वाहनाने झालेल्या रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्या कुणालाही, पायी चालणाऱ्यालाही, नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार. दाखल होतानाच विचारायचं. मनगटात प्लेट बसवायला माझे चौसष्ट हजार गेले, ते असे वाचले असते.

पोलीस चौकीत

मी चौथ्या दिवशी गेले, गळ्यात झोळी अडकवून. ठाणे अंमलदार सभ्य होता. त्याने विचारलं, "मॅडम, चार दिवस काय केलं?" प्रश्न बरोबर होता. उशीर झाला असेल तर त्याचं कारण फिर्यादीतच लिहा : शस्त्रक्रिया, घरात दुसरं कुणी नसणं, समोरच्याने खर्चाचं आश्वासन देणं. जखमी माणसाने आधी दवाखाना बघायचा की चौकी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून ठेवलं आहे. केवळ उशिरापायी भरपाईचा खरा दावा फेटाळू नये, अशी भूमिका आहे. पण उशिराचं कारण कागदावर नसेल तर समोरचा वकील ते स्वतःच्या मनाने रचतो.

कलमं साधारण ही असतात. भारतीय न्याय संहितेचं २८१, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवणं, आणि १२५, म्हणजे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं. गंभीर दुखापत असेल तर १२५ बी, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मृत्यू झाला तर १०६. धडक देऊन न थांबणं, जखमीला मदत न करणं, पोलिसांना न कळवणं यासाठी मोटार वाहन कायद्याची १३४ आणि १८७. नो एंट्री, सिग्नल तोडणं, हातात फोन यासाठी १८४ लागू शकतं. कलमं आपण लावायची नसतात, ते पोलिसांचं काम. पण "डाव्या मनगटाचं हाड मोडलं" हे शब्द फिर्यादीत आहेत ना, आणि "एकेरी रस्त्यावर उलट्या दिशेने आला" हे आहे ना, हे सही करायच्या आधी वाचून बघा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. हद्दीचं कारण सांगितलं तर शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) नोंदवता येतो. नुसती "एनसी", म्हणजे अदखलपात्र नोंद, घेऊन परत पाठवलं तर तोच अर्ज पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा.

आता एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण सगळे दावे इथेच मरतात. सत्तावीस वर्षांत मी चालकांचे जबाब किती वाचले त्याची गणती नाही, आणि त्यातल्या बहुतेकांत एक वाक्य जसंच्या तसं असायचं : "पादचारी अचानक आडवा आला." साठ वर्षांच्या आजी, काठी घेतलेले आजोबा, सगळे अचानक आडवे येतात. हरणं जशी.

या वाक्याला उत्तर मोजपट्टीने द्यायचं असतं. स्थळ पंचनामा होतो तेव्हा स्वतः किंवा घरातलं कुणीतरी तिथे हजर राहा आणि फुटपाथच्या कडेपासून धडकेच्या जागेपर्यंतचं अंतर मोजून लिहायला लावा. माझ्या बाबतीत ते बारा फूट होतं. माझ्या वयाची बाई सेकंदाला तीन फूट चालते, म्हणजे मी चार सेकंद रस्त्यावर होते, उघड्यावर, दिसत होते. ताशी तीस किलोमीटरने येणारी स्कूटर चार सेकंदांत तेहेतीस मीटर कापते. त्या वेगाला, बघून ब्रेक लावून, कोरड्या रस्त्यावर थांबायला बारा-पंधरा मीटर पुरतात. म्हणजे तो थांबू शकत होता आणि वर अठरा मीटर उरत होते. "अचानक" कुठे बसवायचं यात? हा हिशेब चौथीच्या पुस्तकातला आहे, पण ते बारा फूट पंचनाम्यात नसतील तर करता येत नाही.

पंचनाम्यात आणखी काय हवं : झेब्रा असेल तर तो पुसट का होईना आहे, अशी नोंद. एकेरी मार्गाची पाटी. फुटपाथ अडवलेला असेल तर कशाने, टपरीने, उभ्या गाड्यांनी की खणून ठेवलेल्या मातीने. "बाई रस्त्यावर का चालत होत्या" हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर त्या मातीत असतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्यांविना फुटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. आपल्या पुणे महापालिकेचं तर २०१६ पासून पादचारी धोरणच आहे, डिसेंबरात एक दिवस लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा करतात, लोक रांगोळ्या काढतात, फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुचाक्या फुटपाथवर. असो.

सीसीटीव्ही. दुकानांचे कॅमेरे आठ-पंधरा दिवसांत, फार तर महिन्याभरात, जुनं पुसून त्यावर नवं लिहितात. पोलीस पत्र देईपर्यंत थांबू नका, आधी दुकानदाराकडे जाऊन त्याला तेवढा तुकडा जपून ठेवायला सांगा. मी गेले त्या किराणा दुकानाच्या मालकाने मुलाला हाक मारली, मुलाने पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं. त्यात स्कूटर उलटी येताना स्वच्छ दिसते, नंबरचे शेवटचे तीन आकडेही. मूळ यंत्रातलं चित्रण पोलिसांनी ताब्यात घ्यावं असा लेखी अर्ज द्या, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत घ्यायला तपास अधिकाऱ्याला आठवण करा. त्याशिवाय ते चित्रण न्यायालयात नुसता सिनेमा.

पोलिसांच्या कामालाही मुदती आहेत, एप्रिल २०२२ पासून. अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत मोटार अपघात दावा प्राधिकरणाला, म्हणजे जिथे भरपाई ठरते तिथे. जखमीचे हक्क सांगणारा नमुना क्रमांक दोन आपल्याला दहा दिवसांत. सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत. माझ्या तपास अधिकाऱ्याला नमुना दोनचं नाव सांगितल्यावर त्याने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी तो घरी पोचता केला.

गाडीचा विमा

गाडीचा नंबर पूर्ण मिळाला की एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. विमा चालू आहे की नाही ते दिसतं. माझ्या स्कूटरवाल्याचा नव्हता, आणि त्यामागचं कारण तुम्हालाही आपापल्या घरी तपासून बघण्यासारखं आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. ती स्कूटर २०१९ ची. पाच वर्षं कुणी विम्याचं नाव काढलं नाही, कुणाला काढावंही लागलं नाही, आणि २०२४ मध्ये तो गुपचूप संपला. वडिलांच्या नावावरची गाडी, वडिलांना पत्ताच नाही. आता माझी भरपाई कंपनी देणार नव्हती, वडिलांच्या खिशातून जाणार होती.

अशा वेळी एक नियम कामाला येतो. विमा नसलेली अपघातातली गाडी मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय न्यायालयाने सोडायची नसते. तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना हे लेखी कळवा. एकदा गाडी सुटून विकली गेली की हातात धुपाटणं.

गाडी सापडलीच नाही तर वेगळा रस्ता. पळून गेलेल्या वाहनाच्या अपघातात, २०२२ च्या योजनेप्रमाणे, मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. एफआयआर, दवाखान्याचे कागद, बँकेचं पासबुक. रक्कम तुटपुंजी आहे, पण पुष्कळ लोकांना ती आहे हेच ठाऊक नसतं.

दावा

मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा. या मुदतीवरून वरच्या न्यायालयात वाद चालू आहे, पण आपण त्या भरवशावर राहू नये. मी मार्चमध्ये केला. अर्ज अपघात झाला तिथे, आपण राहतो तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, कुठेही करता येतो. लातूरच्या माणसाला पुण्यात उडवलं तर त्याने तारखांना पुण्यात खेटे घालायची गरज नाही.

दोन वाटा आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ ने गेलात तर चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही, रक्कम ठरलेली : मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. कलम १६६ ने गेलात तर चूक दाखवावी लागते, पण रक्कम नुकसानीप्रमाणे. माझ्याकडे चित्रण होतं, बारा फूट होते, आणि गाडीला विमा नव्हता, म्हणून वकिलाने १६६ धरलं. तुमचं तुमच्या कागदांवर ठरेल.

बिलं म्हणजे फक्त औषधं नव्हेत. रिक्षाचे पैसे, फिजिओथेरपी, स्वयंपाकाला लावलेल्या बाईचा पगार, सगळं लिहून ठेवा, शक्य तिथे पावती घ्या, नाहीतर यूपीआयने द्या. बाईंना मी दीड महिना रोख पैसे दिले आणि ती रक्कम जवळजवळ पूर्ण सोडावी लागली. "मी तर घरीच असते, माझं काय नुकसान" असं म्हणू नका. घरातल्या कामाचं मोल पैशांत धरलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्वच्छ सांगितलं आहे. तुमच्या वकिलाला ते ठाऊक असेल, नसेल तर वकील बदला.

आणि आपली चूक? सिग्नल लाल असताना धावलो, दुभाजकावरून उडी मारली, कानात इअरफोन होते? खरं सांगा. प्राधिकरण त्याप्रमाणे टक्केवारी कापतं, पण दावा बुडत नाही. खोटं पकडलं गेलं की मात्र बाकीच्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. ते पकडणारी मीच होते.

सायकल, आणि बिननंबरच्या गाड्या

पुणे सायकलींचं शहर होतं तेव्हाची मी. १९९८ पर्यंत ऑफिसला सायकलनेच जायचे, त्यामुळे सायकलवाल्यांची बाजू घ्यायची मला खोड आहे. पण जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवर एखादा हेल्मेटवाला घंटी न वाजवता खांद्याला वारा लावून जातो, तेव्हा तीही सुटते.

सायकल हे मोटार वाहन नाही. म्हणजे नंबर नाही, विमा नाही, दावा प्राधिकरणही नाही. तीच गत अडीचशे वॅटच्या आतल्या, ताशी पंचवीसच्या आतल्या विजेच्या दुचाक्यांची, ज्यांना नोंदणी लागत नाही आणि ज्यांवरून निम्मं शहर जेवण मागवतं. पण यांना हिशेबच नाही असं नाही. न्याय संहितेच्या २८१ मध्ये "कोणतंही वाहन" आहे, सायकल त्यात येते. १२५ तर माणसाच्या कृतीवर आहे, चाकांवर नाही. एफआयआर होतो. दोषी ठरला तर न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली त्याच्याकडून भरपाई देववू शकतं, नाहीतर दिवाणी दावा. इथे नंबरची जागा माणसाच्या ओळखीने भरायची असते. डिलिव्हरीवाला असेल तर पाठीवरच्या पिशवीचा फोटो आणि नेमकी वेळ. त्या मिनिटाला त्या गल्लीत त्यांचा कोण होता हे कंपनीला कळतं, पोलिसांनी विचारलं की सांगावं लागतं. हौशी सायकलवाल्याचं बहुधा एखाद्या ग्रुपचं नाव जर्सीवर छापलेलं असतं. वाचा ते.

सायकलवाल्यांना माझं एवढंच : फुटपाथवर चढायचं असेल तर उतरून, हातात धरून. सिग्नलला झेब्र्याच्या अलीकडे. आणि घंटी म्हणजे "बाजूला व्हा" नव्हे, "मी मागे आहे, घाबरू नका". ती दहा फुटांवरून नाही, तीस फुटांवरून वाजवायची.

आणि धडक तुम्ही दिली असेल तर

थांबा. जखमीला दवाखान्यात न्या, जमाव अंगावर येत असेल तर सरळ पोलीस ठाणं गाठा. कायद्याने चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं असतं, विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. मुलगा चालवत होता आणि वडिलांनी "मीच चालवत होतो" म्हणून सांगितलं, अशा फायली मी पाहिल्या आहेत. एका चित्रणात दोघंही अडकतात. मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ ए. आणि खोटा नंबर देऊ नका. त्या स्कूटरवाल्या मुलाने तो दिला नसता तर मी बहुतेक प्लास्टरचा खर्च घेऊन गप्प बसले असते. तसं व्हायला नको होतं, पण झालं असतं.

सप्टेंबर २०२५ च्या लोकअदालतीत आमचं मिटलं. एक लाख दहा हजार, चार हप्त्यांत, वडिलांच्या खात्यातून. मुलगा मागे उभा होता, मिशी आलेली. बोलला नाही काही, मीही बोलले नाही.

पर्समध्ये आता पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी असते, प्लास्टिकच्या पाकिटात. तुम्हीही करा, दोन मिनिटांचं काम आहे. वर नाव, रक्तगट, मुलाचा फोन. खाली ठळक अक्षरांत : "रस्त्यात जखमी आढळल्यास, वाहनाची धडक असेल तर केसपेपरवर तसंच लिहावं आणि एमएलसी करावी. पडल्या असं लिहू नये." शेजारच्या वहिनींनी ती पाहिली, दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग आत जाऊन पेन घेऊन आल्या आणि माझ्याच समोर बसून स्वतःसाठी तशीच एक लिहून काढली.